डाव जुना, आवृत्ती नवी

२०२५ च्या उन्हाळ्यात एका सकाळी शिरूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू एकदा येऊन याला समजावून सांग. साडेबारा हजारांची पुस्तके आणली आहेत, आणि ती अभ्यासाची नाहीत, खेळाची आहेत." मुलाने पुस्तकांवर पैसे खर्च केले म्हणून तक्रार व्हावी, हा प्रसंग शिक्षकाच्या घराण्यात तरी विरळाच. उभ्या आयुष्यात प्रस्तुत लेखकाने याच्या उलट तक्रारी ऐकल्या. त्यामुळे कुतूहलापोटी का होईना, पुढच्या रविवारी दौंडहून भीमा ओलांडून शिरूर गाठले.

भाचा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. त्याच्या खोलीत चटईवर चार जण बसले होते. त्यांच्यापुढे ना पट होता ना पत्ते. कागद, पेन्सिली आणि चमत्कारिक फासे मात्र होते. आपला फासा सहा बाजूंचा. येथे चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचेही होते. एकाने सूत्रधार व्हायचे आणि प्रसंग सांगायचा: रात्र आहे, पडका वाडा आहे, आतून उजेड दिसतो आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र धारण करायचे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. "मी भिंतीवरून चढतो," असे चोर म्हणाला की तो चढला की पडला हे फासा ठरवणार. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि डाव एका बैठकीत संपतही नाही, वर्षानुवर्षे चालतो. गावच्या यात्रेत हौसेने नाटक बसवणाऱ्या मंडळींना यात नवल वाटू नये. फरक एवढाच की येथे संहिता नाही, पडदा नाही आणि प्रेक्षकही नाहीत. सोंगटी आणि सोंग हे दोन्ही शब्द या खेळात एकत्र नांदतात, असे मनात येऊन गेले.

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्याचे नियम तीन जाडजूड ग्रंथांत आहेत: एक खेळाडूंसाठी, एक सूत्रधारासाठी आणि एक राक्षस-पशूंच्या वर्णनाचा. भाच्याकडे २०१४ सालच्या आवृत्तीचे तिन्ही ग्रंथ होतेच. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या नियमांचा पहिला ग्रंथ आला, नोव्हेंबरात दुसरा, फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसरा. प्रत्येकाची किंमत पन्नास डॉलर. डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांच्या आसपास धरला तर एका ग्रंथाचे बेचाळीसशे आणि तिन्हींचे बारा हजार सहाशे रुपये होतात. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी राहणाऱ्या मुलाची महिन्या-दोन महिन्यांची खानावळ आणि कॉटचे भाडे एवढ्यात भागते. बहिणीचा जीव कळवळला तो उगाच नव्हे.

भाचा मात्र हिशेबाला पक्का निघाला. "मामा, वर्षातले चाळीस रविवार धरा, आणि खेळणारे आम्ही पाच जण. म्हणजे दोनशे बैठका. साडेबारा हजारांना दोनशेने भागा. माणशी बैठकीला त्रेसष्ट रुपये पडतात. एवढ्यात चार तास कोणते करमणुकीचे साधन मिळते? आणि हा हिशेब एकाच वर्षाचा. मागची आवृत्ती दहा वर्षे टिकली. त्या मानाने धरले तर माणशी सहा रुपये तीस पैसे." मेहुणे शेजारच्या खोलीतून ऐकत होते. त्यांना त्रैराशिक मान्य नसावे. परंतु यात्रेच्या घाटात उतरवण्यासाठी त्यांनी बाळगलेल्या खोंडाच्या खुराकाचा हिशेब कोणी माणशी काढत नाही, हे त्यांच्याही ध्यानात असावे. कारण ते पुढे काही बोलले नाहीत. शिरूर तालुक्यात बैलगाड्याच्या हौसेपायी लोकांनी काय काय सोसले आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. मधल्या सात वर्षांत शर्यतीचे बैल नुसते दावणीला उभे करून पोसणारे लोक याच तालुक्यात होते. हौसेला मोल नसते, हे आपण बैलाच्या बाबतीत मान्य करतो आणि पुस्तकाच्या बाबतीत मात्र कपाळाला आठ्या घालतो.

तेव्हा खर्च केला हा अपराध नव्हे, एवढे बहिणीला सांगून मी मोकळा झालो. परंतु मनात वेगळाच प्रश्न उरला. जुनी तीन पुस्तके धडधाकट होती. त्यांची पाने फाटली नव्हती, शिवण उसवली नव्हती. दहा वर्षे ज्यांच्यावर खेळ उत्तम चालला, ती एकाएकी निरुपयोगी कशाने झाली?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर खेळाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स हा गृहस्थ विमा कंपनीत कामाला होता. १९७० मध्ये ती नोकरी गेली, तेव्हा तो घरी बसून पादत्राणे दुरुस्त करून संसार चालवू लागला. डेव्ह अर्नेसन या दुसऱ्या हौशी खेळाडूच्या साह्याने त्याने हा खेळ रचला आणि १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिका एका पेटीत घालून विकायला काढल्या. किंमत दहा डॉलर आणि प्रती एक हजार. त्या पेट्या घरीच हाताने भरल्या गेल्या. पुस्तिकांच्या अखेरीस कर्त्यांनी सांगितले होते त्याचा आशय असा की, येथे न सांगितलेले तुम्हीच ठरवा. तुमच्या वाटची कल्पनाशक्ती आम्ही का चालवावी? नोकरी गेलेल्या कारकुनाने केलेला हा खेळ मुळात किती काटकसरीचा होता, हे यावरून दिसेल.

परंतु अशा खेळात विकणाऱ्याची एक अडचण असते. फुटबॉल फाटतो, पत्ते मळतात, कॅरमची पावडर संपते. कल्पनेचा खेळ झिजत नाही. शिवाय पाच जणांत एकाने पुस्तक घेतले की बाकी चौघांचे भागते. एकदा विकलेले पुस्तक पुन्हा कसे विकावे, या विवंचनेतून आवृत्त्यांचा जन्म झाला असे म्हटले तर ते सर्वस्वी अन्यायाचे होणार नाही. १९७७ ते १९७९ या काळात खेळाचे 'प्रगत' रूप तीन ग्रंथांत आले. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. १९९७ मध्ये अडचणीत आलेली मूळ कंपनी विकली गेली, दोन वर्षांनी विकत घेणारी कंपनीही एका मोठ्या खेळणी-व्यावसायिकाच्या ताब्यात गेली आणि मग चक्राला वेग आला. २००० मध्ये तिसरी आवृत्ती; अवघ्या तीन वर्षांनी, २००३ मध्ये, तिचीच साडेतीनावी म्हणून ओळखली जाणारी सुधारणा; २००८ मध्ये चौथी; २०१४ मध्ये पाचवी; आणि २०२४-२५ मध्ये पाचवीचेच सुधारलेले ग्रंथ. म्हणजे पंचवीस वर्षांत प्रत्येक वेळी तीनच ग्रंथ धरले तरी पंधरा झाले. प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रत्येक आवृत्तीत काही सुधारणा खऱ्याच होत्या. क्लिष्ट कोष्टके गेली आणि नवशिक्याला प्रवेश सोपा झाला. सुधारणा करणारे लोक लबाड नसतात. मात्र सुधारणेची गरज आणि विक्रीची गरज एकाच वर्षी उद्भवते, हा योगायोग दर वेळी कसा जुळतो, याचा विचार गिऱ्हाइकाने करावा.

'नवी सुधारित आवृत्ती' हे शब्द आपल्या विद्यार्थ्यांना नवे नाहीत. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत देताना दुकानदार आधी मुखपृष्ठावरचे साल पाहतो. अभ्यासक्रम बदलला असेल तर काल शंभर रुपयांचे असलेले पुस्तक आज रद्दीच्या भावाने जाते. राज्य लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले. तो बदल २०२३ पासून लागू व्हायचा होता. उमेदवारांच्या आंदोलनानंतर तो २०२५ वर ढकलला गेला. त्या दरम्यान ज्यांनी एका पद्धतीची पुस्तके घेतली, मग दुसऱ्या पद्धतीची घेतली, त्यांचे हाल त्यांनाच ठाऊक. दौंडसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला तर दुसरे उदाहरणही सुचेल. रेल्वेचे वेळापत्रक बदलले की मागच्या वर्षीच्या वेळांवर भिस्त ठेवणाऱ्याची गाडी चुकते.

परंतु येथेच भेद आहे. परीक्षेत समोर परीक्षक असतो. त्याने नवा अभ्यासक्रम ठरवला की जुन्याला किंमत नाही. वेळापत्रकामागे धावणारी गाडी असते. चटईवर बसून खेळणाऱ्या पाच जणांमागे कोण आहे? लेक जिनीव्हाहून कोणी तपासनीस शिरूरला येऊन "तुम्ही जुन्या नियमांनी का खेळता?" असे विचारणार नाही. जुन्या आवृत्तीची मुदत संपत नाही. ती संपली असे वाटू लागते एवढेच. आणि हे वाटणेच महाग पडते.

हे ओळखणारे लोक खुद्द अमेरिकेत निघाले. चौथी आवृत्ती अनेकांना रुचली नाही. तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम २००० सालीच एका खुल्या परवान्याने इतरांना वापरायला दिलेले होते. त्याचा आधार घेऊन पायझो या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये 'पाथफाइंडर' या नावाने जुनाच खेळ थोड्या डागडुजीने चालू ठेवला. जुने सोडवत नाही अशा माणसांच्या जिवावर एक नवी संस्था उभी राहिली. मौज अशी की, पुढे २०१९ मध्ये त्याच 'पाथफाइंडर'ची दुसरी आवृत्ती निघाली! नव्या आवृत्तीला कंटाळून ज्यांनी घर बदलले, त्यांना नव्या घरातही तोच पाहुणा भेटला.

अलीकडच्या दोन घटना अधिक महत्त्वाच्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये तो जुना खुला परवाना बदलून कडक अटी घालण्याचा मूळ कंपनीचा बेत उघडकीस आला. खेळाडूंनी असा काही गदारोळ केला की महिनाअखेर कंपनीने माघार घेतली. इतकेच नव्हे, तर पाचव्या आवृत्तीचा सुमारे चारशे पानांचा मूळ नियमसंग्रह 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या परवान्याखाली कायमचा खुला केला. दुसरी घटना ऑगस्ट २०२४ मधली. कंपनीच्या संकेतस्थळावर ज्यांनी जुनी पुस्तके पैसे मोजून घेतली होती, त्यांच्या पात्रांच्या नोंदींतील जुने मंत्र काढून त्या जागी नवे घालण्याचे जाहीर झाले. पुन्हा ओरड झाली आणि काही दिवसांत तो निर्णय फिरवला गेला. तात्पर्य, फळीवरच्या पुस्तकात रात्रीतून कोणी हात घालू शकत नाही. पडद्यावर विकत घेतलेल्या पुस्तकाची तशी हमी नाही. आपल्या गावचे तरुण आता पुष्कळ गोष्टी याच रीतीने विकत घेतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवली.

आता पुन्हा शिरूरच्या खोलीकडे येऊ. भाच्याच्या त्रैराशिकात एक आकडा खोटा होता, तो मला तेथे बसल्यावर दिसला. तो पाच जण म्हणाला होता. चटईवर चारच होते. पाचवा दौंडचा, एका पतसंस्थेत लिपिक, माझाच जुना विद्यार्थी. दर रविवारी मोटारसायकलवरून येणारा. "त्याला हल्ली काम असते," असे सांगण्यात आले. त्या दिवशीचा निम्मा वेळ वादात गेला, तोही पाहिला. जखम भरून काढण्याच्या मंत्राला जुन्या पुस्तकात आठ बाजूंचा एक फासा आहे, नव्यात दोन. दोघांकडे नवे पुस्तक, दोघांकडे जुन्याच्या स्मृती. योद्धा मरणपंथाला लागलेला आणि मांत्रिक पाने चाळतो आहे, अशी स्थिती. पडक्या वाड्यातला उजेड कसला होता, हे संध्याकाळपर्यंत कोणालाच कळले नाही.

दौंडला परतल्यावर त्या विद्यार्थ्याला गाठले. आढेवेढे घेऊन तो बोलला. "सर, पुस्तक घेता येत नाही असे नाही. घरचे हप्ते चालू आहेत, एवढेच. पण आता प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या पुस्तकात डोकावून विचारावे लागते की मला हे चालेल का. आधी आम्ही पाचही जण सारखे होतो." हे ऐकून साडेबारा हजारांचा खरा हिशेब लागला. पुण्यासारख्या शहरात एक मेळ मोडला तर दुसरा मिळतो. शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांत मिळून हा खेळ खेळणारी मंडळी बोटावर मोजण्याइतकी. येथे तुटवडा पुस्तकांचा नाही, सवंगड्यांचा आहे. पाचातला एक गेला की माणशी त्रेसष्टचे ऐंशीच्या घरात जातात, आणि अजून एक गेला की खेळच बसतो. ज्या वस्तूची किंमत माणसांच्या संख्येने भागून काढायची, ती वस्तूच माणसे कमी करीत असेल तर तो सौदा कसा म्हणावा?

दुसरी एक गोष्ट त्या बैठकीत ध्यानात आली, आणि ती एका भाषेच्या शिक्षकाला अधिक लागली. सूत्रधार प्रसंग सांगत होता तो मराठीत, आणि काय बहारीचे मराठी! वाड्याचा दिंडी दरवाजा, परसातला आड, माजघरातली कुजबुज. त्या वेळी चौघांचेही डोळे लकाकत. नियमाचा प्रश्न आला की पुस्तक उघडे आणि सगळे इंग्रजीत जाई. तेथे खेळ थंड होई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी एक मुलगी त्यांत होती. तिने सांगितले की तिचा भाऊ एकदा आला होता. गोष्ट रचण्यात तो सर्वांत सरस, पण पुस्तक वाचता येईना म्हणून संकोचाने पुन्हा आला नाही. म्हणजे नवी आवृत्ती निघण्याच्या आधीच एक माणूस त्या पुस्तकाने गमावलेला होता.

यावर उपाय नाही असे नाही. २०२३ मध्ये जो नियमसंग्रह खुला झाला, त्याचे भाषांतर करण्याची, ते छापण्याची, एवढेच काय विकण्याचीही मुभा परवान्याने दिलेली आहे. मूळ कर्त्यांचा निर्देश करावा आणि फेरफार केले असल्यास तसे नमूद करावे, एवढीच प्रमुख अट. खेळाचे व्यापारी नाव मुखपृष्ठावर मिरवता येणार नाही, इतके पथ्य पाळावे लागेल. फ्रेंच, जर्मन, इटालियन व स्पॅनिश भाषांत तो संग्रह कंपनीनेच उपलब्ध करून दिला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचाही संग्रह त्याच परवान्याखाली खुला झाला. म्हणजे भाच्याने बेचाळीसशेला एक या भावाने जे आणले, त्यातले मूळ नियम आता फुकट मिळतात. चित्रे आणि झुळझुळीत कागद तेवढा मिळत नाही. चारशे पाने सगळी नकोतच. पहिल्या बैठकीला तीस-चाळीस पाने पुरे होतील.

कोणी म्हणेल, असले काम तालुक्याच्या गावी कोण करणार? दौंड तालुक्यातल्याच केडगावी पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये देहावसान होण्यापूर्वी त्यांनी ते पुरे केले आणि १९२४ मध्ये ते तेथल्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. खिळे जुळवण्याचे काम आश्रमातल्या स्त्रियांनी केले. धर्माचा ग्रंथ आणि रविवारचा खेळ यांची तुलना करण्याचा उद्देश नाही. बाईंची विद्वत्ता आपल्याजवळ नाही, हेही खरे. परंतु बोजड वाटणारे पुस्तक शेजारच्या बाईला वाचता यावे म्हणून मराठीत आणण्याचे काम याच मुलखात, रेल्वेच्या याच मार्गावरच्या गावात झाले आहे. आपल्याकडे तर संगणकही आहे.

ही कल्पना भाच्यापुढे मांडली तेव्हा तो प्रथम हसला. मग त्याने दोन अटी घातल्या. एक, भाषांतर पूर्ण होईपर्यंत रविवारी २०१४ चे जुने पुस्तक वापरायचे आणि नवी तिन्ही कपाटात ठेवायची. दुसरी, शुद्धलेखन मामांनी तपासायचे. पहिली अट ऐकून बहीण म्हणाली, "मग आणलीस कशाला?" तिच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही.

पावसाळ्यात पहिली अकरा पाने झाली. पतसंस्थेतला लिपिक परत येऊ लागला आहे. आकडेमोडीची कोष्टके त्यानेच आखली. शाळेत शिकवणाऱ्या मुलीचा भाऊही दोनदा येऊन गेला. सध्या काम एका शब्दाशी अडले आहे. संकटातून निसटण्यासाठी खेळाडू जो फासा टाकतो, त्याला इंग्रजीत 'सेव्हिंग थ्रो' म्हणतात. मी 'तारणाचा फासा' सुचवला. भाच्याला आणि त्या मुलीला तो पसंत पडला. लिपिक मात्र ठाम विरोधात आहे. तारण म्हटले की त्याला कर्जाचे प्रकरण आठवते, आणि रविवारी तरी त्याला ते नको आहे. त्याने 'बचावाचा फासा' सुचवला आहे. मतदान पुढच्या रविवारी आहे.